ताट माझ्या हातात होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायला हवं होतं, पण ते असेपर्यंत धीर झाला नाही. ते गेले तेव्हा रडताना आतून एक विचार येऊन गेला — चला, आता सांगावं लागणार नाही. बापाच्या मरणात सुटका शोधणारी बाई कशी असते, ते मला माहीत आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी शाहूपुरीत एका गूळ निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे नोकरी करते. परदेशी पत्रव्यवहार सगळा माझ्याकडे. काही वर्षांपूर्वी आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकानं कळवलं की त्यांच्या देशात आता कायदा आहे. आपण विकतो तो माल तयार करताना कुठं कुणाला जबरदस्तीनं राबवलं जात नाही ना, हे बघायला कंपनी काय करते, ते तिनं दरवर्षी जाहीर करायचं. त्यांनी जाहीर करायचं म्हणजे आधी आम्ही कळवायचं, आणि आमच्याही वेबसाइटवर तसं निवेदन टाकायचं. मालकांनी ते पत्र माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्ये तुमच्याच्यानंच हुणार. जरा ग्वाड लिवा."

खरं सांगू? मला आनंद झाला होता. बिलं आणि कंटेनर यांच्या पलीकडचं काहीतरी हातात आलं होतं. अण्णा मास्तर होते, अन्यायाची चीड आमच्या घरात ताटात वाढली जायची. मी ऑफिसची गाडी घेऊन गुऱ्हाळांवर जायला लागले. मजुरांना कोंडून ठेवतात का? त्यांचे आधारकार्ड काढून घेतात का? मारतात का? लहान पोरं कामाला लावतात का? उत्तर सगळीकडं नाही. आणि ते खरं होतं, हे लक्षात ठेवा. मी तेव्हा खोटं काही लिहिलं नाही.

एक मात्र होतं. मी जायच्या आधी फोन करायची. न सांगता कुणाच्या गुऱ्हाळावर जाऊन उभं राहायचं, हे आपल्याकडं बरं दिसतं का? आणि फोन केला की मटण शिजायचं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, आणि निघताना गरम गुळाचा खडा शेंगदाण्यांबरोबर. जेवून उठलेल्या पाहुणीनं तपासणी करायची म्हणजे काय, ते तुम्हीच समजा.

कोडोलीच्या पुढं बापूंचं गुऱ्हाळ आहे. बापू म्हणजे मोठा आवाज, कपाळाला गुलाल, आणि माणूस दिसला की "या पावणं" म्हणून हाताला धरून आत नेणारे. आमचा सगळ्यात चांगला माल त्यांचा. त्या वर्षी हंगाम सुरू होताना त्यांनी मला चुलवाण पेटवायच्या पूजेला बोलावलं. काहिलीला, म्हणजे रस उकळायच्या त्या भल्यामोठ्या कढईला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग बापूंनी जोतिबाच्या गुलालानं भरलेलं पितळी ताट माझ्या हातात दिलं. "मानाची बाई तुम्ही. धरा."

मी धरलं. मजूर एकेक करून पुढं आले. प्रत्येकानं गुलालावर हात ठेवला आणि म्हटलं की हंगाम संपेपर्यंत जागा सोडणार नाही, सोडली तर जोतिबा बघून घेईल. दिवाळीआधी त्यांना उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, दिलेली असते, ती घरी कधीच खर्चून झालेली असते, तेव्हा मालकाला खात्री हवीच. बापू कौतुकानं म्हणाले, "आमच्यात कागुद न्हाय, मॅडम. गुलाल हाय." मला ते छान वाटलं. मी मोबाइलवर फोटोसुद्धा काढून घेतला.

तेव्हाच कळायला नको होतं का मला? कुलूप कुठं आहे, हेच तर शोधायला मी फिरत होते. आणि ते कुलूप मीच दोन्ही हातांत धरून उभी होते.

त्या रांगेत महादेवी होती आणि तिचा नवरा सिद्राम. जतच्या बाजूची माणसं. सिद्राम चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळ घालायचा, रस काढलेल्या उसाचं वाळलेलं चिपाड सारखं आत ढकलत राहायचं काम. महादेवी चिपाड वाळवायची आणि वाहून आणायची. तिच्या बोलण्यात कानडीचा हेल होता, मला ती पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायची. मला बहीण धाकटीच आहे. तिनं कधी ताई म्हटलं नाही, म्हणून की काय, मला ते अक्का ऐकायला आवडायचं.

मी आडवळणानं सांगतेय, मला कळतंय. थांबा. येते मुद्द्यावर.

हंगाम संपत आला होता. ग्राहकाकडची एक बाई आमचं काम बघायला प्रत्यक्ष येणार होती. तिनं बापूंचं गुऱ्हाळ निवडलं होतं, कारण माझ्याच निवेदनात मी त्याची तारीफ केली होती. ती यायच्या आठवडाभर आधी मी सगळं ठीकठाक आहे ना ते बघायला गेले. जेवण झालं. हात धुवायला मागच्या नळावर गेले, तर चिपाडाच्या ढिगाआडून महादेवी पुढं आली. तिनं मला हाताला धरून नेलं — मजुरांच्या खोपटात.

सिद्राम आत पडून होता. चुलवाणातून जाळ उलटा बाहेर आला होता आणि त्याचा उजवा हात भाजला होता. बापूंनी गावातल्या डॉक्टरकडून मलम आणून दिलं होतं, फडकं बांधलं होतं. हात कोपरापर्यंत सुजला होता. खोपटात वास येत होता. तो वास कसला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तुम्हालाही नसती.

तिला त्याला कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. मग बापू अडवतात का? नाही. ती बापूंकडं गेली होती आणि बापू म्हणाले होते, "जावा की. कोण अडिवतंय? जोतिबाला काय सांगायचं त्ये तुमचं तुमी बघा." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नव्हता. ती तिथूनच मागं फिरली. नवरा असा पडलेला, त्यात जागा सोडून शपथ मोडली तर देव काय ठेवेल मागं?

मग ती जे बोलली, ते मी शब्दाला शब्द सांगते. ते माझ्या कानातून गेलेलं नाही.

"अक्का, आमच्याकडं ज्येच्या हातात ताट, त्यो सोडवू शकतोय. ताट तुमच्या हातात हुतं. तुमी नुस्तं सुटलं म्हणा. म्हंजे सुटलं."

बघा. किती सोपं होतं. आमच्या घरात देव्हारा नव्हता. नवस, अंगारे, शपथा यांची टिंगल करण्यात आमच्या घरातल्या संध्याकाळी जायच्या. मला एक शब्द उच्चारायचा होता, आणि तो उच्चारताना माझी कसलीच श्रद्धा मोडणार नव्हती. बाहेर ऑफिसची गाडी उभी होती, ड्रायव्हर आत बसून मोबाइल बघत होता. कोडोलीहून कोल्हापूर काही लांब आहे का?

आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं? भाजलेला माणूस सरकारी दवाखान्यात गेला की पोलिसात नोंद होणार. कुठं भाजला, कुणाकडं भाजला, विचारणार. ती परदेशी बाई आठवड्यानं येणार. मीच तारीफ केलेलं गुऱ्हाळ. ग्राहक गेला की मालक मला विचारणार. हे सगळं मी त्या वासात उभी राहून, अगदी स्वच्छ डोक्यानं, एकापुढं एक लावलं. घाबरून बोलले असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी घाबरलेली नव्हते.

मी म्हणाले, "देवाचं आहे गं ते. मी कशी सोडू? मोडू नका शपथ. थोडेच दिवस राहिलेत, जोतिबा सांभाळेल."

जोतिबा सांभाळेल! मी! अण्णांची मुलगी! आणि आवाज किती मऊ लागला होता माझा. देवळात बोलतात तसा. तिच्या खांद्यावर हातही ठेवला मी. तिनं मान हलवली आणि तिचा चेहरा एकदम शांत झाला. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. बापूंवर ती चिडली असती, भांडली असती, कदाचित एखाद्या सकाळी निघूनही गेली असती. माझ्या शब्दानं ती बसली. बापूंना जे अर्धंच जमलं होतं, ते मी पुरं केलं.

येताना मी पर्समधलं तापाच्या गोळ्यांचं पाकीट तिला दिलं. हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण त्याचीही मला लाज वाटते, म्हणून सांगते.

ती परदेशी बाई आली. तरुण होती, मनापासून काम करणारी होती, तिनं मटणालासुद्धा हात लावला नाही. सिद्रामला त्या दिवशी बापूंच्या घरी नेऊन ठेवलं होतं. चुलवाणाच्या तोंडाशी महादेवी बसली होती. त्या बाईनं बापूंना लांब उभं राहायला सांगितलं आणि महादेवीला विचारलं की तुला वाटलं तर तू काम सोडून जाऊ शकतेस का? मी प्रश्न नीट मराठीत सांगितला. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही.

महादेवीनं बापूंकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. अंगाची लाही होत असेल त्या जाळापाशी, पण ती हसली आणि म्हणाली, "व्हय की. कोण अडिवतंय?"

तेही मी नीट इंग्रजीत सांगितलं. दुभाषी म्हणून माझ्या कामात खोट काढता येणार नाही. त्या बाईनं माझे आभार मानले, आणि गाडीत बसताना म्हणाली की असं मोकळं वातावरण तिनं फार कमी ठिकाणी पाहिलंय. मी काय केलं? थँक यू म्हणाले.

हंगाम संपल्यावर सिद्रामचा हात कापावा लागला. मनगटाच्या वर. हे मला बापूंनी फोनवर सांगितलं, गुळाचा भाव बोलता बोलता. दवाखान्याचा खर्च मीच केला, असंही म्हणाले, आणि केला असणार, बापू खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. आधी नेलं असतं तर हात राहिला असता का, हे मी त्यांना विचारलं नाही. डॉक्टरला विचारलं नाही. ओळखीचे डॉक्टर आहेत आमच्या, समोरच राहतात, रोज दिसतात. त्यांनाही कधी विचारलं नाही. उत्तर कळलं असतं ना.

पुढच्या वर्षी पूजेला मला पुन्हा बोलावणं आलं. मी जायला नको होतं. काहीतरी कारण सांगता आलं असतं. मी गेले. ती दोघं आली असतील की नाही, हे बघायचं होतं मला, आणि आली नसतील तर बरं, असंही वाटत होतं. आली होती. नवी उचल घेतली होती. सिद्राम उजवी बाही गाठ मारून सावलीला बसला होता, आता जाळ महादेवीच घालणार होती. बापूंनी ताट पुढं केलं. मी ते धरलं. हो, पुन्हा धरलं.

महादेवीची पाळी आली. तिनं गुलालावर हात ठेवून शपथ घेतली. मग हात मागं न घेता चिमूटभर गुलाल उचलला आणि माझ्या कपाळाला लावला. माझे दोन्ही हात ताटाखाली अडकलेले. मला मागंही सरता येईना.

"अक्का, तुमी सोडलं न्हाय त्ये लई बरं झालं," ती म्हणाली. "मोडली असती तर माणूसच गेला असता. देवानं हातावर भागिवलं."

तिचे डोळे भरून आले होते. तिला खरंच वाटत होतं की मी तिचा नवरा वाचवला. तेव्हा बोलायचं होतं मी. तिथंच, सगळ्यांसमोर. मी म्हणाले, "काळजी घे गं." आणि पुढच्या माणसासाठी ताट सरळ केलं.

दुपारी शाहूपुरीत ऑफिसला परत आले. आमचे हिशेबनीस वाकून माझ्या कपाळाकडं बघत म्हणाले, "काय मॅडम, जोतिबाला जाऊन आलासा वाटतं? तुमी तर देव मानत न्हाईसा."

"हो, जाऊन आले," मी म्हणाले.

बेसिनशी जाऊन कपाळ धुतलं. गुलाल एका धुण्यात जात नाही, गुलाबी डाग राहतोच. तशीच जागेवर येऊन बसले आणि त्या वर्षीचं निवेदन लिहायला घेतलं. आमच्याकडे कुणालाही त्याच्या मर्जीविरुद्ध कामावर ठेवलं जात नाही, हे पहिलं वाक्य आदल्या वर्षीचंच होतं. ते मी तसंच ठेवलं.