जाळी मोकळी सोडा

गाडी सुरू करण्याआधी आप्पा तिच्या बॉनेटवर हात ठेवून विचारायचे, "काय गं, निघायचं न्हवं?" आणि खरोखरच क्षणभर थांबायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "बैल जुपताना पाठीवर हात फिरवतोस का न्हाय? मग हिनं काय घोडं मारलंय?"

बेळगावात आप्पांचं घर आमच्या घरासमोर होतं आणि उद्यमबागेत त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, अमेरिकन, पुढून हसल्यासारखी दिसणारी आणि लांबीला आमच्या गल्लीला न परवडणारी. बॉनेटवरची कंपनीची अक्षरं कधीच गळून गेली होती, त्यामुळे सगळी गल्ली तिला 'अमेरिका' म्हणे. "आप्पा कुठं गेले?" "अमेरिका घेऊन खानापूरला." यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

तिचे सुटे भाग मिळणं केव्हाच बंद झालं होतं. जे झिजेल ते आप्पा स्वतः लेथवर कातून बसवत. "पत्रा तेवढा अमेरिकेचा ऱ्हायलाय. आतनं ती पक्की बेळगावची हाय," असं छाती फुगवून सांगत. गाडीला हीटर होता, तोही ते दर दसऱ्याला खोलून साफ करत. "आप्पा, बेळगावात हीटर कशाला?" मी चिडवायची. "तिनं संगं आणलाय न्हवं? मग नीट ठिवायचा." नियम एकच आणि कडक: "म्होरची जाळी मोकळी सोडा, बाकीचं ती बघून घेत्या." जाळीतून वारा गेला तरच रेडिएटरचं पाणी थंड राहतं. त्यामुळे खंडेनवमीचा हारसुद्धा टपावरच.

मी आठ वर्षांची असताना ते आम्हा पोरांना नंदगडला घेऊन गेले होते. पुढच्या सीटवर बसून मी फर्मान काढलं, की माझ्या लग्नाला मी याच गाडीतून जाणार. "मांडवाच्या दारात उतरवतो. शबूद!" आप्पा म्हणाले. सतरा वर्षांनी मी तो शब्द वसूल करायला त्यांच्या दारात उभी राहिले. आप्पा पंचाहत्तरीला आलेले, लग्न निपाणीला, महिना मे. घरच्यांनी एसीच्या गाडीसाठी पुष्कळ समजावलं. मी ऐकते कसली!

मुहूर्त बारा पस्तिसाचा. वऱ्हाडाची बस पुढे गेली. मागून अमेरिका निघाली, तीत आई, मामा, मी आणि चक्क फेटा बांधलेले आप्पा. मामाने हौसेने गाडी सजवली होती. झेंडूच्या जाडजूड माळा पुढच्या जाळीवरून अशा सोडल्या होत्या की पत्राही दिसू नये. आप्पांनी त्या पाहिल्या, तोंड उघडलं आणि मिटलं. मी पाहिलं ते, पण लक्ष कुणाचं होतं! हायवेवर लोक हात करत होते, समोरचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, आणि आप्पा प्रत्येकाला आपलंच लग्न असल्यासारखे नमस्कार करत होते. इतकी खूश मी आयुष्यात झाले नव्हते.

तवंदी घाटाच्या मध्यावर बॉनेटखालून वाफेचा लोट आला. आप्पांनी गाडी कडेला घेतली. अकरा चाळीस झाले होते.

"जाळी," एवढंच ते म्हणाले.

मामाचा चेहरा उतरला. "आप्पा, मग सांगायचं न्हाय व्हय सकाळीच?"

"तू एवढ्या हौसंनं केलतास. तुझा हिरमोड कशाला, म्हटलं."

एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने कन्नडमध्ये विचारलं, "नीर बेकेनू अण्णा?" आप्पा म्हणाले, "नीर ऐती, टाइम इल्ल!" पाणी होतं, वेळच नव्हता. इंजिन निवल्याशिवाय झाकण उघडता येत नव्हतं. मामाने मागून येणारी एक रिकामी गाडी थांबवली आणि माझा हात धरला. "बस हितं. मुहूर्त चुकल."

"जा पोरी," आप्पा खाली बघत म्हणाले. "माझ्यापायी तुझं लगीन खोळंबाया नको." त्यांचा फेटा सुटून खांद्यावर आला होता.

"आप्पा, खरं सांगा. चढंल का?"

त्यांनी सवयीने बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून झटकला. "चढंल. पर घामानं न्हाशील."

मी ती गाडी पुढे जाऊ दिली आणि शालूचा पदर खोचून माळा ओरबाडू लागले. मग मामाही लागला, आईही. वीस मिनिटांनी आप्पांनी फडकं धरून झाकण सैल केलं, इंजिन चालू ठेवून धार धरून पाणी ओतलं आणि आत बसून तो हीटर चालू केला. इंजिनाची उष्णता गाडीत यायला लागली, तेवढंच इंजिन निवत राहिलं. मे महिन्यात, हीटर लावून, आम्ही चौघं घाट चढलो! माझी हळद गळ्यावर ओघळत होती, आई देवाचं नाव घेत होती, आणि माथ्यावर पोचल्यावर आप्पा ओरडले, "बघितलंस? हिनं हीटर कशाला आणलाय!"

बारा एकतीसला त्यांनी मला मांडवाच्या दारात उतरवलं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी नदीतून काढल्यासारखी दिसते.

गेल्या वर्षी आप्पा गेले. गाडी मला द्यायची, असं त्यांनी मुलाला सांगून ठेवलं होतं. ते गेले त्या दिवशी वर्कशॉपच्या कामगारांनी ठरवलं की अंत्ययात्रेत पुढे अमेरिका चालेल, आणि ती मी चालवावी. मी रडत रडत किल्ली घेऊन बाहेर आले. कुणीतरी भलामोठा हार पुढच्या जाळीवर चढवत होतं.

"जाळी मोकळी सोडा रं!" मी ओरडले. सगळे दचकून माझ्याकडे बघत राहिले. हार टपावर गेला. मी बॉनेटवर हात ठेवला, विचारलं, आणि थांबले.