मामा आणि धानगिरणीचा हुंकार

जगातली कुठलीही वस्तू बिघडल्यामुळे बंद पडत नाही, भरल्यामुळे पडते, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस सबंध चांदा जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आमचा मामा होता. सायकलचा पंप असो, धुमसणारी चूल असो की रुसलेली म्हैस, मामा आधी तिला कान लावी, डोळे मिटी आणि म्हणे, "भरलं असंल." एकदा लग्नात वाजंत्र्याची सनई घुसमटली, तर हा भरल्या पंगतीतून उठला आणि खरकट्या हाताने सनई ठोकून आतून कुंभारमाशीचं अख्खं घर काढलं. मग निवांतपणे परत जेवायला बसला. सनईवाल्याने मात्र त्या दिवशी पुन्हा तोंड लावलं नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत गडचिरोलीकडच्या आमच्या गावात पाटलांनी इंजिनावरची धानगिरणी घातली. तांदूळ पुढे पडे आणि धानाचं तूस पत्र्याच्या नळीतून मागच्या खोलीत उडे. गुरं शिरून तूस तुडवतात म्हणून पाटलांनी खोलीच्या मधोमध बांबूचा तट्टा उभारला होता. दार तट्ट्याच्या अलीकडे, नळी पलीकडे. पलीकडचं तूस मागच्या खिडकीतून उपसावं लागे, पण ती खिडकी उघडे थेट मसणाकडे. त्यामुळे ते काम पार्वताबाई नावाच्या एकट्या विधवेच्या गळ्यात पडलं होतं. "मले कायचं भेव? माहा मानूस तिथीच हाये," असं ती म्हणे, आणि ऐकणारा मुकाट्याने वाट धरी.

एकदा ती तापाने अंथरुणाला खिळली. बरी होऊन एका दुपारी कामावर आली आणि गिरणीत पाऊल टाकतेय तोच नळीतून एक लांबच लांब हुंकार आला, कुणी बाईमाणसाने कण्हावं तसा. पट्टा थरथरला आणि इंजिनाने मान टाकली. सगळ्यांच्या नजरा पार्वताबाईकडे वळल्या. तिला तिथल्या तिथे हाकलून दिलं, तरी दुसऱ्या दुपारी हुंकार आलाच, तिसऱ्याही. गिरणी सकाळी चाले आणि उन्हं डोक्यावर आली की कण्हून थांबे. त्या वेळी मागच्या रानातली पाखरंसुद्धा गप्प झाल्यासारखी वाटत. चांद्याहून मिस्त्री आला, त्याने इंजिन उलगडून पुन्हा जोडलं, तुसाच्या खोलीचं दार उघडून पाहिलं. खोली रिकामी! तो हुंकार ऐकल्यावर मात्र चहाला न थांबता तो बैलगाडीत जाऊन बसला. बाई जादूटोणा करते, तिला गावाबाहेर काढायचं, असं गावाने ठरवलं. गावाबाहेर म्हणजे जंगल, आणि जंगलात एकट्या बाईचं काय होतं हे ठरवणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

पार्वताबाई बोचकं घेऊन गिरणीपुढे उभी होती तेव्हा मामा उगवला. गर्दीतून वाट काढत तो नळीशी गेला, कान लावला, डोळे मिटले. "भरलं असंल."

पाटील भडकले. "भाऊ, खोली रिकामी हाये! सोताच पाहा."

"इकडून रिकामी हाये. तट्ट्याच्या तिकडं कोन पाह्यलं?"

मामाने पाटलांकडे तोंड वळवलं.

"मांगची खिडकी कोन उघडे?"

पाटलांनी पार्वताबाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"अन् तिले काढल्यावर?"

उत्तराची वाट न बघता मामा मागे गेला, खिडकीची कडी काढली आणि तुसाच्या लोंढ्यात कमरेपर्यंत गाडला गेला. शिंका देत तो तिथूनच ओरडला, "रातभर तूस दबते, म्हून सकाळी चालते! दुपारी भरते अन् दम कोंडते!"

इंजिन लागलं. माणसं आपापल्या पोत्यांकडे धावली. पार्वताबाईशी मात्र कोणी चकार शब्द बोललं नाही. मामा अंगावरचं तूस झटकत तिच्याजवळ मातीतच बसला आणि हळूच म्हणाला, "बोल बाई. भरलं असंल." तिच्या छातीतून हुंकार उठला, अगदी नळीतून येई तसाच, आणि भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. मामा ती रडायची थांबेपर्यंत उठला नाही.

पार्वताबाई गिरणीवरच राहिली. पुढे काही वर्षांनी मामा गेला. त्याला पोचवून आम्ही मसणातून परतत होतो, तर गिरणीच्या मागच्या खिडकीत पार्वताबाई उभी होती. आम्हाला वाटलं, तूस उपसायला आली असेल. पण गिरणी त्या दिवशी बंद होती. "आता भाऊ बी इकडंच आले," ती म्हणाली, "खिडकी उघडीच ठेवीन मी." आणि त्या उघड्या खिडकीपुढे मला मामाची जी आठवण आली, ती अजून उपसून संपलेली नाही.