डोलोरेसचे शेअर

डोलोरेसचा फोन दुपारी १२:१० ला आला.

“सार्ज, मार्केट कोसळलंय. सगळे शेअर विकतेय. मशीन आज पैसे देणार.”

“कुठे आहेस?”

“हॉलवर.”

“मी येतेय. बटण दाबायचं नाही.”

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या माझ्या घरापासून माजी सैनिकांचा हॉल चौदा मिनिटांवर. मी अकरा मिनिटांत पोचले.

माझी शाळा चौथीपर्यंत. नवरा सोडून गेल्यावर लायब्ररीत बसून जीईडीची, म्हणजे बारावीच्या तोडीची, परीक्षा दिली आणि अमेरिकन आर्मीत स्वयंपाकी म्हणून भरती झाले. वीस वर्षं काढली. सार्जंट होऊन निवृत्त झाले. माझ्याच तुकडीत डोलोरेस ट्रक मेकॅनिक होती, टाशा स्टोअर्समध्ये. दोघींची पेन्शन हॉलमधल्या जुगाराच्या मशीनने खाल्ली. डोलोरेसचं घर गेलं. ती माझ्या बेसमेंटमध्ये राहायला आली.

आमच्यासारख्या बायकांना मशीन कुठे आहे ते सगळे दाखवतात. शेअर म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. म्हणून मी आम्हा तिघींचा मंगळवारचा शेअर क्लब काढला. नियम दोन. जो माल आपल्या हाताखालून गेलाय, त्याच कंपनीचा शेअर घ्यायचा. आणि बडीला विचारल्याशिवाय विकायचा नाही. आर्मीत प्रत्येकाला एक बडी असतो, एकमेकांवर लक्ष ठेवायला. इथे दोघींची बडी मीच. डोलोरेसने ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले. त्यातून तिला स्वतःची खोली भाड्याने घ्यायची होती.

ती मशीनसमोर बसली होती. अंगठा फोनवर.

“शिव्या नंतर दे.”

“देणार नाही. काय करतेयस ते मोठ्याने म्हण. ऑर्डर रिपीट करतात तसं.”

“मी इंजिनच्या कंपनीतला माझा हिस्सा विकतेय. आणि तो...” ती मशीनकडे बघत राहिली.

“पुढे?”

“पुढचं म्हणता येत नाही, सार्ज.”

“मग ऊठ. जेवायची वेळ झाली.”

“परत तुझी ती पिवळी डाळ?”

“मशीन तेवढंही वाढत नाही.”

ती उठली.

शेअर पडतो. हे मी कुणापासून लपवत नाही. महिनोन्‌महिने पडून राहतो. पण तोवर तो आपल्या नावावर असतो. डोलोरेसचे हळूहळू वर आले. एप्रिलमध्ये ती स्वतःच्या खोलीत राहायला गेली.

मार्केट पडलं त्या दिवशी टाशाचा फोन आला नाही. मीही केला नाही. तिने सगळं विकून मशीनमध्ये घातलं होतं. भाडं थकल्यावर ती गाडीत झोपायला लागली. कुणाला बोलली नाही. जानेवारीतल्या थंडीत गाडीतच गारठून गेली.

क्लबमधल्या तिघींपैकी डोलोरेस आणि मी आहोत.