भरल्या जीपमधली माफी

जीपच्या ड्रायव्हरने माफी मागितली. हात जोडून, मान खाली घालून, अगदी देखणी. मी खूश होऊन तडजोडीचा कागद पुढे ओढला, आणि महादेवी अक्का म्हणाल्या, "न्हाई."

तेव्हा औरादला वकिली करता करता मी कोर्टाचा मीडिएटरही होतो. मीडिएटरने निकाल द्यायचा नसतो. दोघांना समोरासमोर बसवून तोडगा त्यांच्याच तोंडून काढायचा. दार बंद, आतलं बोलणं बाहेर सांगायचं नाही. हा नियम मी मोठ्या ठसक्यात ऐकवायचो.

अक्का गावोगाव जाऊन बांगड्या भरायच्या. कमलनगरहून ठाणाकुशनूरला जाणाऱ्या जीपमध्ये कुणाचा तरी मोबाईल हरवला. ड्रायव्हर शिवराजने अक्कांना चोर म्हणून सगळ्यांदेखत खाली उतरवलं. मोबाईल नंतर सीटखाली सापडला, पण बोभाटा पुढे गेला होता. बायका अक्कांना उंबऱ्याच्या आत घेईनात. धंदा बसला. अक्कांनी मानहानीची केस टाकली आणि मॅजिस्ट्रेटनी ती माझ्याकडे पाठवली.

"आता आणखी काय पाहिजे, अक्का?"

"वकीलसाब, चोर म्हनला तवा जीप भरली व्हती. आन् माफी दार लावून मागायलाय. कामून?"

अक्कांना माफी भरल्या जीपमध्येच हवी होती. शिवराज खूप कुरकुरला. पॅसेंजर हसतील, म्हणाला. शेवटी कबूल झाला आणि तडजोडीत तसं लिहिलं.

ठरलेल्या दिवशी जीपमधून मीही गेलो, मागच्या फळीवर, कुणाची तरी कोंबडी मांडीवर घेऊन. अक्का पुढे. गाडी सुरू करण्याआधी शिवराज मागे वळला. "अक्का चोर न्हाईत. मीच चुकलो."

पुढच्या फाट्यावर दोघी चढल्या. अक्का शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनी न्हाई ऐकलं, शिवराजा."

त्याने पुन्हा सांगितलं. मग प्रत्येक फाट्यावर तेच. शेवटी शेवटी तर मागचे लोकच सुरात म्हणायचे आणि शिवराज नुसती मान हलवायचा. एका म्हाताऱ्याने चढता चढता विचारलं, चोर कोण मग?

"कुनीच न्हाई, अप्पा. बसा," शिवराज म्हणाला.

ठाणाकुशनूरच्या अलीकडे एका बाईने अक्कांपुढे हात केला. हिरव्या हव्या होत्या तिला. अक्कांनी इंजिन बंद करायला लावलं. बांगड्या भरून होईपर्यंत जीप रस्त्यात उभी, आणि घाई कुणालाच नव्हती.

केस मागे घेतली गेली. त्या जीपला लोक पुढे कित्येक महिने 'माफीची गाडी' म्हणायचे. आता आमच्याकडे मीडिएशनसाठी एसीची खोली आहे, पण तशी बैठक पुन्हा रंगली नाही. चोर म्हणायला शिवराजला एकदाच तोंड उघडावं लागलं होतं. ते मागे घ्यायला प्रत्येक फाट्यावर.