इंदूमावशींना घातलेली शपथ

कुठल्याही गावाचं नाव काढलं की इंदूमावशींचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "तिथं डोंगर आहे का?" डोंगर नसलेल्या गावात माणसं राहतात ती नाइलाजानं, असं त्यांचं ठाम मत होतं. कुणी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूचं कौतुक करायला लागलं, तिथे साड्या मिळतात, कढीपत्ता मिळतो, तर मावशी सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "असेल बाई. पण सपाटच ना?"

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या कॅम्पस बसमधून. पेनसिल्व्हेनियातल्या त्या विद्यापीठाच्या गावात ऐंशीच्या दशकात, मी तिथे शिकत होते तेव्हा, आम्ही मराठी माणसं इनमीन पाच-सात घरं. रस्त्याच्या कडेनं पांढरट सुती साडी, वर मुलाचा जुना कोट, डोक्यावर घट्ट पदर आणि पायात कॅनव्हासचे बूट घातलेली एक बाई तरातरा चालली होती. मी पुढच्याच थांब्यावर उतरले आणि मागे धावले. "मावशी, कुठे निघालात?" तर चाल जराही कमी न करता त्या म्हणाल्या, "डोंगरावर. येतेस तर चल, पण चढताना बोलायचं नाही. दम तरी लागतो, नाही तर खोटं तरी बोललं जातं."

मावशी साताऱ्याच्या. लग्नाआधी आणि नंतरही रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येऊन मगच चहाचं आधण ठेवणाऱ्या. यजमान गेल्यावर एकुलत्या एक मुलानं, सुधीरदादांनी, त्यांना इकडे आणलं. सुधीरदादा एका कारखान्यात इंजिनिअर. घर मोठं, सून लाघवी, नातू आजीशी इंग्रजीतून लाडानं बोलणारा. मावशींना ना टीव्ही कळे ना शेजार. पण गावाच्या मागे एक लांबट, झाडांनी भरलेला डोंगर होता आणि घरापासून त्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येत होतं. तेवढ्यावर त्यांनी अमेरिका पास करून टाकली.

मग दर रविवारी मीही जायला लागले. वर पोचलं की झाडी उघडायची आणि खाली अख्खं खोरं पसरलेलं दिसायचं. मक्याची शेतं, लाल रंगाची धान्याची कोठारं, ढगांच्या सरकत्या सावल्या. मावशी शेंगदाण्याचा लाडू माझ्या हातावर ठेवत आणि गप्प बसून पाहत. त्यांची एकच तक्रार होती, या डोंगराला देव नाही. "एवढं चढून यायचं आणि हात कुणाला जोडायचे?" शेवटी त्यांनीच एका ओकच्या झाडाखाली बरासा दगड बघून त्याला भैरोबा केलं. मी हसले तर म्हणाल्या, "हसतेस काय? आपल्याकडचे तरी कुणी नेमले होते?"

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो. त्या दिवशी तिकडे शाळासुद्धा बंद असतात. जंगलात जाणारा प्रत्येक जण भडक नारिंगी जाकीट घालतो, म्हणजे चुकून कुणी गोळी झाडू नये. हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं आणि मावशींना सांगायचं कुणालाच सुचलं नाही. त्या नेहमीसारख्या निघाल्या. तपकिरी कोट आणि वाऱ्यावर उडणारं पदराचं पांढरं टोक. तिकडच्या हरणाची शेपटीही खालून पांढरी असते आणि पळताना ते ती अशीच उडवतं.

एका म्हाताऱ्या शिकाऱ्यानं नेम धरला होता. मावशी वाकल्या होत्या त्या सरळ उभ्या राहिल्या, म्हणून वाचल्या. तो माणूस धावत आला आणि त्यांच्यासमोर मटकन खालीच बसला. मावशी मला नंतर सांगत होत्या, "मी त्याला लाडू दिला, पाठीवर हात फिरवला. आपलंच कुणी गेल्यासारखं रडत होता गं बिचारा." त्यानं त्यांना आपल्या ट्रकमधून घरी आणलं, सुधीरदादांना सगळं सांगितलं आणि जाताना स्वतःचं नारिंगी जाकीट मावशींना देऊन गेला. यजमान गेल्यापासून अंगाला रंग न लावलेल्या मावशींनी ते तिथल्या तिथे साडीवर चढवलं आणि आरशात पाहून म्हणाल्या, "भगवाच आहे की! उद्यापासून हे घालून जाते."

सुधीरदादा देव मानत नाहीत, मुहूर्त मानत नाहीत. लग्नसुद्धा त्यांनी रजिस्टर केलं. पण त्या क्षणी भीतीनं पांढरेफटक पडलेले ते ओरडले, "आई, तुला माझ्या गळ्याची शपथ! पुन्हा त्या डोंगरावर पाऊल टाकलंस तर!"

मावशींनी जाकीट काढलं, घडी घातली आणि ठेवून दिलं.

हिवाळा सरला, बर्फ वितळलं, सीझन कधीच संपला. सुधीरदादा स्वतःच म्हणायला लागले, "आई, आता सेफ आहे, जा की फिरायला." मावशी नाही म्हणाल्या. आधी त्यांना वाटलं, रुसली असेल. मग एक दिवस ते माझ्यासमोर अक्षरशः हात जोडून म्हणाले, "सुटली, आई! शपथ सुटली! मी टेन्शनमध्ये बोलून गेलो गं!"

"ती पोरांच्या खेळातली सुटते," मावशी शांतपणे म्हणाल्या. "गळ्याची शपथ आईला घातली की ती लेकराच्या गळ्याला लागते. मला एकच मुलगा आहे रे."

मी समजूत घातली, सुनेनं घातली. साताऱ्याला ट्रंक कॉल लावून मावशींच्या थोरल्या भावाकडूनही वदवून घेतलं. कशाचा उपयोग झाला नाही. मुलानं अपराधी मनानं व्यायामाची सायकल आणून तळघरात भिंतीकडे तोंड करून ठेवली. मावशी त्याचं मन मोडू नये म्हणून तिच्यावर बसत. मला म्हणाल्या, "पाय दुखतात, पण पोचायचं कुठं हे कळत नाही." हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही झालेलं नाही असं सांगितलं. मला तेव्हा सुधीरदादांचा राग यायचा आणि मावशींचाही यायचा. एवढं साधं कोडं, आणि ते आम्हां शिकलेल्या माणसांना सुटत नव्हतं.

दोन वर्षांनी माझं शिक्षण संपलं, जर्सी सिटीत नोकरी लागली. मी निरोप घ्यायला गेले तर मावशींनी विचारलंच, "तिथं डोंगर आहे का?" मी नाही म्हटलं. त्या दिवशी सुधीरदादांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आम्हां दोघींना गाडीत घातलं आणि थेट डोंगराच्या पायथ्याशी आणलं. गाड्या लावायची डांबरी जागा संपते आणि वाट चढायला लागते, तिथे मावशी थांबल्या. "इथवर रस्ता आहे. पुढे डोंगर."

"मी आहे ना बरोबर. मला काय होणार आहे?" त्यांनी आईचा हात धरून ओढला. मावशींनी हात सोडवून घेतला.

"असं बोलू नये." मग त्यांनी विचारलं, "तू कधी वर गेलायस?"

नऊ-दहा वर्षं त्या गावात राहून ते एकदाही गेले नव्हते. मावशी म्हणाल्या, "मग तू जाऊन ये. नीट बघ. आल्यावर मला सांगायचंस."

सुधीरदादा ऑफिसच्या बुटांनी चढत गेले. ते झाडांत दिसेनासे झाले तरी मावशी डांबराच्या कडेला तशाच उभ्या होत्या. मी बसा म्हटलं, त्या बसल्या नाहीत. बऱ्याच वेळानं ते घामाघूम होऊन खाली आले.

"काय दिसलं?"

"छान आहे. व्ह्यू मस्त आहे."

"छान म्हणजे काय रे? एवढं चढून गेलास आणि छान?"

ते अडखळत सांगायला लागले, तसे मावशींनी डोळे मिटले. शेतं आहेत. हिरवीगार. एक लाल कोठार आहे, त्याच्याशेजारी काळ्या-पांढऱ्या गाई. ढगाची सावली शेतावरून पुढे पुढे जाते. आपलं घर शोधत होतो, पण सापडलं नाही. एवढं सांगितलं आणि भर दुपारी, लोकांसमोर, ते आईच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडायला लागले. "चुकलो गं आई."

मावशींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. डोळे मात्र मिटलेलेच होते.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "डावीकडं काय दिसत होतं, ते सांग."