ड्रॉइंगमध्ये मागाहून काढलेला रिले

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही, बाबा होते तेव्हा त्यांच्यापाशी तर नाहीच नाही. सांगायला बसलो की मला लगेच तहान लागते, कुणाला तरी फोन करायचा राहिलाय असं आठवतं — आणि मी उठतो. आज उठणार नाही. ठरवलंय. तुम्ही फक्त ऐका, आणि मेहरबानी करून माझी समजूत घालू नका.

गोष्ट लखनौची, ऐंशीच्या दशकातली. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. बाबा सरकारी नोकरीत बदली होऊन लखनौला आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मी तिथंच शिकलो, इंजिनिअर झालो आणि एका सरकारी कारखान्यात लागलो. आमच्या अख्ख्या घराण्यातला पहिला इंजिनिअर. ऑर्डर आली त्या दिवशी बाबांनी घरात बुद्धवंदना घेतली आणि क्वार्टरांच्या तिन्ही ओळींत पेढे वाटले. काय तो आनंद! आई मला दोन दिवस पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नव्हती.

कारखान्यात मात्र काही लोक टपून बसलेले असत. ‘कोटेवाले साहब’ म्हणायचे, मला ऐकू येईल इतपत हळू. हे मी सबब म्हणून सांगत नाही, बरं का. ऐकून घ्या, पण माझ्या बाजूच्या पारड्यात टाकू नका.

आता मिर्झाजी. आमचे वायरमन. पन्नाशी ओलांडलेली, जुन्या लखनौतल्या चौक भागातून रोज सायकलवर यायचे, पायजम्याला क्लिप लावून. माणूस असा की ड्रॉइंगबाहेर एक तार टाकणार नाही. इंजिनिअरनं काढलेलं ड्रॉइंग समोर टांगायचं, एकेक तार जोडायची आणि ड्रॉइंगवरच्या त्या रेषेवर लाल पेन्सिलीनं बारीकशी टिक करायची. शेवटची टिक झाली की खाली उर्दूत सही. मग ते ड्रॉइंग घडी घालून पॅनेलच्या दाराच्या आतल्या पत्र्याच्या खिशात. आमच्याकडची पद्धतच होती ती — पॅनेलचा कागद पॅनेलमध्येच राहायचा. आणि मूळ ट्रेसिंगवरून प्रत एकच निघायची, कारण प्रती छापायच्या अमोनियाच्या कागदाची कायम बोंब.

आमच्या खात्यात एक यंत्र होतं. एक फिरती चकती. ऑपरेटर तिच्यावर पत्र्याचा लहान तुकडा ठेवणार, चकती एक घर पुढं सरकून थांबणार, वरून प्रेस येऊन छाप मारणार. हे सगळं चालवायला कपाटभर रिले होते, म्हणजे विजेनंच उघडझाप होणारे स्विच, दिवसभर कटकट कटकट करणारे. मग पीएलसी आला. म्हणजे प्रोग्रॅम भरला की त्या बरहुकूम यंत्र चालवणारा कंट्रोलर. अख्ख्या कपाटाचं काम करणारा एक खोका. त्याच्या ट्रेनिंगला मला पाठवलं. तीन आठवड्यांनी परतलो तो शिंगं फुटूनच. मॅनेजरसाहेबांपुढे, चार लोकांत, मी छातीठोकपणे सांगितलं — या पॅनेलमध्ये आता एकही रिले दिसणार नाही, साहेब. एकही नाही!

कुणी मागितलं होतं हे वचन? कुणीच नाही.

चकतीसाठी मोटर मीच निवडली. डीसी मोटर, लहानशी, चोवीस व्होल्टची, पुढे गिअर. चकतीचं वजन किती, वेग किती हवा, फिरवायला जोर किती लागेल — सगळं व्यवस्थित मांडलं. नेमप्लेटवर करंट दीड अँपिअर. पीएलसीच्या आउटपुटची झेप दोन अँपिअर. बसतंय की! मी मोटर थेट पीएलसीच्या आउटपुटला जोडलेली दाखवली, मध्ये काही नाही. यंत्र तातडीनं थांबवायचं लाल बटणसुद्धा पीएलसीमार्फतच घेतलं. स्वच्छ, सुटसुटीत ड्रॉइंग. मला त्याचा अभिमान होता.

पण नेमप्लेटवरचा आकडा चालत्या मोटरचा असतो. उभी मोटर उठताना त्याच्या कितीतरी पट करंट खेचते. सायकलरिक्षा बघा ना — एकदा निघाली की निघाली, पण उभ्या रिक्षाला हलवताना माणूस पेडलवर अख्खा उभा राहतो. आणि आमची चकती तर मिनिटाला वीस वेळा थांबणार आणि वीस वेळा उठणार. आउटपुटच्या आतला, वीज जोडणारा-तोडणारा तो इवलासा कॉन्टॅक्ट दर वेळी तो झटका खाणार.

मला हे माहीत नव्हतं का? इथंच मी इतकी वर्षं स्वतःला फसवत आलो. माहीत होतं. पहिल्या चाचणीला मीटर मीच लावला होता, आणि मोटर सुरू होताना काटा सरकन जाऊन टोकाला आपटलेला मी पाहिला. दर वेळी आपटत होता. मध्ये एक दणकट रिले टाकला की प्रश्न मिटत होता. पण रिले टाकायचा म्हणजे चारचौघांत फुशारकी मारली होती तिचं काय? मी मीटर काढून घेतला आणि म्हणालो, ओके.

मिर्झाजींनी ड्रॉइंगप्रमाणे वायरिंग केलं. प्रत्येक रेषेवर टिक. खाली सही.

सहा-सात आठवडे यंत्र झकास चाललं. मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, तो कॉन्टॅक्ट वितळून चिकटला. पीएलसी म्हणतोय ‘थांब’, आउटपुटचा दिवा विझलेला — आणि चकती फिरतेच आहे. रामलखन नावाचा ऑपरेटर तुकडा ठेवत होता, त्याचा हात चकती आणि प्रेसच्या गजामध्ये ओढला गेला. कुणीतरी लाल बटण दाबलं. त्यानं काय होणार? तेही पीएलसीलाच सांगत होतं, आणि पीएलसीचं आता कुणी ऐकत नव्हतं. मी समोर उभा होतो. मिर्झाजी कुठून धावत आले कळलं नाही, त्यांनी मेन स्विच खाली ओढला. रामलखनची दोन बोटं पेरापासून गेली. मिर्झाजी नसते तर पंजा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

आता ते सांगतो, ज्यासाठी बसलोय.

सगळे रामलखनला घेऊन हॉस्पिटलकडे पळाले. मिर्झाजीही गेले, रामलखनचं डोकं मांडीवर घेऊन, गाडीच्या मागच्या बाजूला बसून. खातं रिकामं झालं. मी मागं राहिलो. पॅनेलचं दार उघडलं, खिशातलं ड्रॉइंग काढलं — लाल टिकांनी भरलेलं — आणि शर्टाच्या आत घातलं. मग ड्रॉइंग ऑफिसात गेलो. तिथंही कुणी नव्हतं. मूळ ट्रेसिंग काढलं, अर्ध्या ब्लेडनं एक रेष खरवडली, आणि पीएलसी व मोटर यांच्या मध्ये एक रिले काढला. लाल बटणाची तार त्याच्यातून नेली. एक चौकोन आणि तीन रेषा. तारीख जुनीच ठेवली, सही माझीच होती. अमोनियावर नवी प्रत काढली. इतक्या सुबक रेषा मी कॉलेजातही काढल्या नव्हत्या.

शर्टातलं ड्रॉइंग घरी नेलं आणि चुलीत— चूल कुठली, गॅस होता आमच्याकडे. बघा, अजूनही खोटं तोंडात येतं. मी ते बारीक बारीक फाडलं आणि संडासात टाकून पाणी ओतलं. तीन बादल्या लागल्या.

चौकशीला तीन अधिकारी बसले. माझं नवं ड्रॉइंग टेबलावर. त्यात रिले आहे, पॅनेलमध्ये नाही. मिर्झाजींना विचारलं, तुमची प्रत कुठाय? ते म्हणाले, पॅनेलच्या दारात आहे, हुजूर. नव्हती. मग मला विचारलं — वायरिंग ड्रॉइंगप्रमाणे झालं होतं का?

मी म्हणालो, “नहीं.”

एवढंच. एक शब्द.

मिर्झाजींचं नाव त्या वर्षी चार्जमनच्या बढतीच्या यादीत होतं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतर पहिल्यांदा. ते कापलं गेलं. त्यांना पॅनेलच्या कामावरून काढून मागच्या शेडमध्ये पंखे दुरुस्तीला बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथंच पंखे उघडत-मिटत राहिले. रामलखननं त्यांच्याशी बोलणं टाकलं. कॅन्टीनमध्ये ते आले की तो थाळी घेऊन उठायचा. ज्या माणसानं त्याचा पंजा वाचवला त्याच्यासमोरून! आणि मी दोन टेबलं पलीकडे बसून डाळ-भात कालवत असायचो.

मला कुणाचंच नाव पुढं करायचं नव्हतं, पण कुणीतरी लागणार होतं. मॅनेजरसाहेबांनी माझ्या ड्रॉइंगवर डोळे झाकून सही केली होती — त्यांना हात लावायची माझी टाप नव्हती, आणि ‘एकही रिले नाही’ ही माझी फुशारकी उकरून काढणं त्यांनाही परवडणारं नव्हतं. मिर्झाजींच्या मागं कोण होतं? ना युनियन, ना कुणी साहेब. लोक आपल्याकडे कशा नजरेनं बघतात, आपल्या एका चुकीची कशी वाट बघतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. तरी ती नजर मी उचलली आणि त्यांच्यावर वळवली. चौकशीनंतर कुणीतरी म्हणालंच, “अरे, इन लोगों का काम ऐसा ही होता है.” मी हसलो. होय, हसलो.

पुढं माझं छान झालं. बढत्या मिळाल्या. नव्या इंजिनिअरांचे वर्ग घ्यायला लागलो. मोटर कशी निवडायची, चालू करंट आणि सुरुवातीचा करंट यांत फरक काय, पीएलसी आणि मोटरच्या मध्ये रिले का हवा, लाल बटण थेट पुरवठा तोडणारंच का हवं — हे माझ्याइतकं पटवून कुणी शिकवत नसे, असं सगळे म्हणत. उदाहरण कुठलं द्यायचो? हेच. “एकदा एक वायरमन रिले लावायचाच विसरला...” दर वर्षी. फळ्यावर आकृती काढून. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

रविवारी घरी वंदना असायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आलो की मी आवाज खाली घ्यायचो, बाबांचा मोठा आवाज असायचाच. त्यांना कधी कळलं नाही. त्यांचा मुलगा साहेब होता, आणि ते त्या समाधानात गेले. मिर्झाजीही गेले. म्हणजे आता मी खरं बोललो तरी ज्याचं होतं त्याला काही परत मिळत नाही. मला पुरतं ठाऊक आहे की मी हे फार सोयीच्या वेळी बोलतोय.

संपलं असं वाटलं ना? नाही. एक राहिलं. फाडलेल्या ड्रॉइंगबद्दल मी एखाद वेळी कुणापाशी बोललोही असतो. हे मात्र नसतं बोललो.

चौकशीचा निकाल लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, थंडीतल्या एका रविवारी सकाळी, मिर्झाजी आमच्या क्वार्टरवर आले. मी दार उघडलं आणि मनात म्हटलं — आता विचारणार! शेरवानी घातली होती त्यांनी, हातात चौकातल्या मलाई-मक्खनचे दोन द्रोण, वर कागद झाकलेला. बसा म्हटलं तर बसेनात. बायकोनं चहा आणला तो उभ्यानंच घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाले, “साहब, मैं कई दिन से सोच रहा हूँ. आपकी ड्रॉइंग में रिले था, मैंने देखा नहीं. नज़र कमज़ोर हो गई है, बिना देखे टिक लगा दी होगी. रामलखन की उँगलियाँ मेरे हाथ से गईं. आपका नाम भी ख़राब हुआ.”

तोवर माझ्या मनात होतं की हा माणूस मनोमन जाणतो, मला शिव्या देत असेल. तो मला शिव्या देत नव्हता. ड्रॉइंग चुकीचं असेल असं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या डोक्यात आलं ते त्याचे डोळे. त्यांनी नवा चष्मा केला होता. नाकावर तो नीट बसतही नव्हता. अजून वेळ होता. त्या खोलीत आम्ही तिघंच होतो, आणि एका वाक्याचं काम होतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “जाने दीजिए, मिर्ज़ाजी. मैंने माफ़ किया.”

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला, आणि मी लावू दिला.