खिडकीतून आलेले बाळ

मित्रहो, आज बसने परळीहून बीडला परतत होतो. कामाने इतका थकलो होतो की कोणाशी बोलण्याचीही इच्छा उरली नव्हती.

सिरसाळ्यात गर्दीने बसला गराडा घातला. तेवढ्यात एका अनोळखी बाईने खिडकीतून झोपलेले तान्हे बाळ माझ्या हातांत दिले. "दादा, धरा जरा," एवढे म्हणून ती गर्दीत दिसेनाशी झाली.

घंटी वाजली आणि बस सुटली. ती बाई कुठेच दिसेना. मी ओरडलो, "बस थांबवा! बाळाची आई खाली राहिली!"

दाराजवळच्या गर्दीतून आवाज आला, "हाय मी, हाय! वरडू नका, उठंल ते!"

ती जवळ येताच मी काहीशा रागानेच विचारले, "ओळख नसताना मूल असे कोणाच्याही हाती देतात?"

"मग काय, गर्दीत चेंगरू द्यायचं? तुमची मांडी रिकामी दिसली."

आसपासचे प्रवासी हसले. मी तिला जागा देऊ लागलो, तर म्हणाली, "बसा तुमी, लई दमलेले दिसता."

वडवणीला पाणी पिण्यासाठी उतरताना मी बाळ तिच्याकडे दिले. "बॅग ऱ्हाऊ द्या, मी बघते," ती म्हणाली. तरीही मी बॅग खांद्याला अडकवूनच उतरलो.

परत आलो, तेव्हा माझी जागा कोणी घेऊ नये म्हणून तिने तिथे बाळाला निजवले होते. स्वतः मात्र उभीच होती.

माझ्या त्या बॅगेत रिकामा डबा आणि छत्री, एवढेच होते. तुम्ही असता, तर बॅग ठेवून उतरला असता का?